अंगुलिमुद्रांचा गणिती : काझी अझिझुल हक

शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव प्रथम जनरल रजिस्टरात चढते. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि त्यापुढे एक क्रमांक. पुढे तो मुलगा जगाच्या पाठीवर कोठेही गेला, त्याने नाव बदलले, आडनाव बदलले, तरी जुने रजिस्टर उघडून तो क्रमांक शोधला की त्याची ओळख पटते. साठ वर्षांच्या रजिस्टरांतून एक नाव काही मिनिटांत सापडते, याचे श्रेय त्या नोंदींच्या शिस्तीला आहे. नोंद करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती नोंद हवी तेव्हा सापडणे महत्त्वाचे. ही साधी वाटणारी गोष्ट एका माणसाने गणिताच्या बळावर साऱ्या जगाच्या पोलीस खात्यांना शिकविली आणि तोच माणूस जगाच्या नोंदींतून दीर्घकाळ हरवून गेला. त्याचे नाव काझी अझिझुल हक.

या लेखकाचे वास्तव्य सध्या चंदीगडला आहे. हे नगर क्रमांकांचे आहे. येथे पेठा नाहीत, आळ्या नाहीत. आहेत ते सेक्टर. सेक्टरचा आकडा आणि घराचा आकडा एवढे दोन आकडे सांगितले की नवखा माणूसही कोणाला न विचारता दारात येऊन उभा राहतो. याच नगराच्या दक्षिण मार्गावर, सेक्टर ३६ मध्ये, केंद्रीय न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा आहे. गुन्ह्याचा मूक पुरावा जेथे विज्ञानाच्या साहाय्याने बोलता होतो, अशा आपल्या देशातील महत्त्वाच्या संस्थांपैकी ती एक. त्या इमारतीवरून जाताना हक यांची आठवण होते. कारण दोन आकड्यांच्या जोरावर कोट्यवधींतून एका माणसाचा पत्ता काढण्याची युक्ती त्यांनी चंदीगड वसण्यापूर्वी अर्ध्या शतकाहून अधिक काळ आधी शोधली होती. आणि ती युक्ती घरे शोधण्यासाठी नव्हे, माणसे ओळखण्यासाठी होती.

माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच जुना आहे. आपल्याकडील जुने महजर पाहिले, तर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी आढळते आणि बलुतेदारांच्या नावापुढे त्यांच्या धंद्यातील हत्यारांची. त्या निशाणीवरून माणसाचा व्यवसाय कळे, वतन कळे. परंतु तीच निशाणी दुसऱ्याने काढली असती तर ती ओळखण्यास साधन नव्हते. पुढे कागदोपत्री डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी आली. अक्षरशत्रू माणसाचा अंगठा म्हणून सुशिक्षितांनी त्या निशाणीची थट्टाही पुष्कळ केली. परंतु सही नक्कल करता येते, अंगठा तितक्या सहज नक्कल करता येत नाही, हे थट्टा करणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही. आईच्या उदरातच बाळाच्या बोटांवर उमटलेल्या रेषा जन्मभर त्याच क्रमाने राहतात. वयाबरोबर त्या मोठ्या होतात, पण त्यांची मांडणी पालटत नाही. वरवरची जखम भरून आली की त्या पुन्हा पूर्ववत उमटतात.

या रेषांचा कारभारात पद्धतशीर उपयोग प्रथम बंगालमध्ये झाला. १८५८ मध्ये हुगळी नदीकाठच्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानासाठी राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी करार केला आणि करारावर सहीऐवजी त्याच्या पंजाचा ठसा घेतला. हेतू एवढाच होता की पुढे त्याने करार नाकारू नये. पुढे वीस-पंचवीस वर्षे हर्शेल ठसे जमवीत राहिले आणि काळ लोटला तरी ते बदलत नाहीत याची त्यांनी खात्री करून घेतली. १८७७ मध्ये हुगळीचे दंडाधिकारी असताना त्यांनी निवृत्तिवेतन घेणारे, दस्त नोंदविणारे आणि तुरुंगातील कैदी यांचे ठसे घेण्याची प्रथा सुरू केली. १८८० मध्ये जपानमध्ये काम करणारे स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांनी गुन्ह्याच्या जागी सापडणाऱ्या ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल, असा विचार छापून प्रसिद्ध केला. १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि त्याला शास्त्राची बैठक दिली.

तरीही एक अडचण शिल्लक होती आणि ती मोठी होती. समजा, पोलिसांजवळ पन्नास हजार कैद्यांचे ठसे आहेत. एक नवा माणूस पकडला गेला. तो खोटे नाव सांगतो आहे. त्याचा ठसा त्या पन्नास हजारांत आहे की नाही, हे पाहायचे कसे? एकेक कागद काढून ताडून पाहायचे तर महिने जातील. गाल्टन यांनी ठशांचे तीन प्रकार सांगितले होते. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया नातवंडांची बोटे न्याहाळून ज्यांना शंख आणि चक्र म्हणतात, तेच त्यांतील दोन प्रकार, तिसरा कमानीचा. परंतु बहुसंख्य बोटांवर शंखच असतात, साधारण तिसऱ्या हिश्शाने चक्रे असतात आणि कमानी अगदी थोड्या. त्यामुळे गाल्टन यांच्या विभागणीत काही गठ्ठे डोंगराएवढे होत आणि काही रिकामे राहत. माणसाची ओळख कागदावर होती, पण ती सापडत नव्हती.

म्हणून त्या काळी जगभर पॅरिसच्या अल्फोन्स बर्तियाँ यांची शरीरमापन पद्धत चालत असे. डोक्याची लांबी-रुंदी, मधल्या बोटाची लांबी, पावलाची लांबी, कोपरापासूनच्या हाताची लांबी अशी एकूण अकरा मापे पोलादी उपकरणांनी घ्यावयाची आणि त्यांवरून पत्रिका लावावयाची, असा तो क्रम होता. ही पद्धत हुशारीची होती, पण मापे घेणाऱ्याच्या हातावर अवलंबून होती. एकाच कैद्याची मापे दोन शिपायांनी घेतली की दोन निराळे आकडे येत. वाढत्या वयाच्या मुलांना ती लागू पडत नसे. उपकरणे महाग, ती हाताळण्याचे शिक्षण कठीण आणि खेडोपाडी पसरलेल्या तुरुंगांत ती पुरविणे त्याहून कठीण.

या वळणावर हक यांचा प्रवेश होतो. त्यांचा जन्म १८७२ मध्ये बंगालच्या खुलना जिल्ह्यातील पैग्राम कसबा या गावी झाला. आज ते गाव बांगलादेशात आहे. ते लहान असतानाच नौकेच्या अपघातात आई-वडील गेले आणि घरची परिस्थिती बिकट झाली. वयाच्या बाराव्या वर्षी हा मुलगा घर सोडून कलकत्त्याला आला. त्या अफाट शहरात त्याचे ओळखीचे कोणी नव्हते. एका कुटुंबाने त्याला आश्रय दिला आणि त्याची गणितातील गती पाहून त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. नाव-गाव विचारणारे कोणी नसलेल्या मुलाला ओळख मिळाली ती त्याच्या बुद्धीमुळे. त्या कुटुंबाने दार उघडले नसते तर पुढील इतिहास निराळा झाला असता. शिक्षणाच्या वाटेवर असे एखादे उघडे दार किती महत्त्वाचे असते, हे शाळेच्या स्मरणिकेत मुद्दाम सांगावयास हवे. यथावकाश अझिझुल हक प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित आणि विज्ञान शिकू लागले.

१८९१ मध्ये एडवर्ड हेन्री बंगालचे पोलीस महानिरीक्षक झाले. ते दूरदृष्टीचे आणि उद्योगी अधिकारी होते. गुन्हेगारांच्या नोंदींचे काम शास्त्रीय पायावर उभे करावयाचे तर त्यासाठी गणितात पारंगत तरुण हवा, हे त्यांनी ओळखले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे तशा विद्यार्थ्याची विचारणा केली. प्राचार्यांनी हक यांचे नाव सुचविले. १८९२ मध्ये हक पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. त्यांना दिलेले पहिले काम शरीरमापनाचेच होते. त्या पद्धतीचे दोष त्यांनी रोजच्या कामात जवळून पाहिले. ज्या कामात अचूकपणा हवा, त्यात एवढी ढिलाई चालते, हे गणित शिकलेल्या मनाला सहन होण्यासारखे नव्हते. नेमून दिलेले काम सांभाळून त्यांनी अंगुलिमुद्रांच्या वर्गीकरणाचा अभ्यास स्वतःहून चालू केला. त्यांच्या बरोबर त्याच कार्यालयात हेमचंद्र बोस हे दुसरे बंगाली अधिकारी काम करीत होते.

हक यांनी शोधलेली रीत आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही समजेल इतकी सोपी आहे आणि तिचे सौंदर्य त्या सोपेपणातच आहे. एकेका ठशाचा विचार करण्याऐवजी दहाही बोटांचा एकत्र विचार करावयाचा. दहा बोटांच्या पाच जोड्या करावयाच्या. उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी ही पहिली जोडी. उजवी मध्यमा व अनामिका ही दुसरी. उजवी करंगळी व डावा अंगठा ही तिसरी. डावी तर्जनी व मध्यमा ही चौथी. डावी अनामिका व करंगळी ही पाचवी. प्रत्येक बोटाविषयी एकच प्रश्न विचारावयाचा : यावर चक्र आहे की नाही? नसेल तर शून्य. असेल तर पहिल्या जोडीतील बोटाला १६ गुण, दुसऱ्या जोडीतील बोटाला ८, तिसऱ्यात ४, चौथ्यात २ आणि पाचव्यात १. मग प्रत्येक जोडीतील दुसऱ्या बोटांच्या गुणांची बेरीज करून तीत १ मिळवावयाचा; तो झाला अंश. पहिल्या बोटांच्या गुणांच्या बेरजेत १ मिळवावयाचा; तो झाला छेद.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या माणसाच्या केवळ दोन्ही तर्जनींवर चक्रे आहेत. उजवी तर्जनी हे पहिल्या जोडीतील दुसरे बोट, म्हणून अंश १६ अधिक १, म्हणजे १७. डावी तर्जनी हे चौथ्या जोडीतील पहिले बोट, म्हणून छेद २ अधिक १, म्हणजे ३. त्या माणसाचा आकडा झाला १७/३. ज्याच्या एकाही बोटावर चक्र नाही त्याचा आकडा १/१ आणि ज्याच्या दहाही बोटांवर चक्रे आहेत त्याचा ३२/३२.

१६, ८, ४, २, १ हेच आकडे का, हा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्याला पडेल. वाण्याच्या तराजूसाठी १, २, ४, ८ आणि १६ अशी पाच वजने घेतली, तर १ पासून ३१ पर्यंतचे प्रत्येक वजन त्यांतून तोलता येते आणि प्रत्येक वजन एकाच प्रकारे तोलले जाते. १३ तोलावयाचे तर ८, ४ आणि १ हीच वजने लागतात. दुसरा मार्ग नाही. म्हणून अंश आणि छेद हातात आले की दहा बोटांपैकी कोणकोणत्या बोटांवर चक्रे आहेत, हे न पाहता सांगता येते. आज संगणक ज्या द्विमान अंकपद्धतीवर चालतात, तिचेच हे रूप. अंशाच्या ३२ शक्यता आणि छेदाच्या ३२, गुणाकार १,०२४. हक यांनी ३२ आडव्या आणि ३२ उभ्या रांगांचे १,०२४ खणांचे कपाट योजले. नव्या कैद्याचे ठसे घेतले, आकडा काढला की थेट त्या खणाशी जावयाचे. बाकीच्या १,०२३ खणांकडे पाहण्याचेही कारण नाही. सगळे खण सारखे भरत नाहीत हे खरे. म्हणून भरलेल्या खणांची आणखी बारीक विभागणी करण्याच्या रीतीही बसविण्यात आल्या. त्यांत शंखाचा मध्य आणि जेथे रेषांचे प्रवाह तिहेरी फुटतात तो बिंदू, यांच्या दरम्यानच्या रेषा मोजणे ही एक होती.

१८९७ पर्यंत हक यांच्या कपाटात सुमारे ७,००० माणसांच्या ठशांच्या पत्रिका जमल्या होत्या. शरीरमापनाच्या पद्धतीने एखादी नोंद शोधावयास जेथे तासभर लागे, तेथे या पद्धतीने पाच मिनिटे पुरत. हिंदुस्थान सरकारने दोन्ही पद्धतींची तुलना करण्यासाठी समिती नेमली. भूमापन खात्याचे प्रमुख चार्ल्स स्ट्रॅहन आणि रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेडलर हे तिचे सदस्य. त्यांनी कलकत्त्याच्या कार्यालयात येऊन काम पाहिले आणि अंगुलिमुद्रांच्या बाजूने निःसंदिग्ध कौल दिला. १२ जून १८९७ रोजी सरकारने तो स्वीकारला. शरीरमापनाचे कार्यालय अंगुलिमुद्रा कार्यालय झाले. जगात अशा तऱ्हेचे पहिले कार्यालय म्हणून कलकत्त्याचा उल्लेख केला जातो. लंडन आणि न्यूयॉर्क यांनी कलकत्त्याकडून शिकावे, अशा गोष्टी त्या काळात थोड्या होत्या. ही त्यांपैकी एक.

या कार्यालयाच्या कसोटीचा प्रसंग लवकरच आला. जलपाईगुडी भागात चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि त्याच्या पेटीतील पैसे चोरीस गेले. त्याच्या सामानात एक बंगाली पंचांग होते. त्याच्या निळ्या वेष्टणावर तपकिरी डाग होते आणि त्यांतील एका डागात उजव्या अंगठ्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. कलकत्त्याच्या खणांतून त्या रेषा शोधण्यात आल्या आणि त्या कांगाली चरण याच्या असल्याचे आढळले. हा त्या व्यवस्थापकाचा पूर्वीचा नोकर. चोरीबद्दल त्याला पूर्वी शिक्षा झाली होती, म्हणूनच त्याची पत्रिका कार्यालयात होती. १८९८ मध्ये खटला उभा राहिला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरविले. खुनाचा आरोप मात्र मान्य केला नाही. कारण प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नव्हता आणि एका नव्या शास्त्राच्या आधारावर माणसाला फाशी देण्यास न्यायालय तयार नव्हते. तो संकोच आज कोणाला दुबळेपणा वाटेल. परंतु ठसा सांगतो तो एवढेच, की या बोटाचा या वस्तूला स्पर्श झाला. तो स्पर्श केव्हा झाला, कशासाठी झाला, हे ठसा सांगत नाही. पुराव्याची मर्यादा ओळखण्याचा हा धडा त्या शास्त्राच्या पहिल्याच महत्त्वाच्या खटल्यात मिळाला, हे शास्त्राचे भाग्यच. पुढच्या वर्षी, १८९९ मध्ये, पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अंगुलिमुद्रा तज्ज्ञांचे मत न्यायालयात ग्राह्य ठरले.

यानंतरचा भाग यशाचा आहे, पण ते यश हक यांच्या वाट्याला आले नाही. एडवर्ड हेन्री यांनी अंगुलिमुद्रांचे वर्गीकरण आणि उपयोग यांवर ग्रंथ लिहिला. तो १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच साली लंडनमध्ये नेमलेल्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली आणि जुलै १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात अंगुलिमुद्रा कार्यालय उघडले. १९०३ मध्ये ते लंडनचे पोलीस आयुक्त झाले. ‘हेन्री पद्धत’ या नावाने ती रीत इंग्लंडातून युरोपात, अमेरिकेत आणि वसाहतींत पसरली. तिच्या जन्माविषयी एक आख्यायिकाही प्रचलित झाली : आगगाडीच्या प्रवासात हेन्री यांना ती कल्पना सुचली आणि जवळ कागद नसल्यामुळे त्यांनी ती शर्टाच्या कफवर टिपून घेतली. ग्रंथात हक आणि बोस यांची नावे नव्हती.

येथे न्यायबुद्धीने बोलावयास हवे. हेन्री यांचे कर्तृत्व खोटे नव्हते. प्रश्न ओळखणे, योग्य माणसे निवडणे, त्यांना मोकळीक देणे, सरकारला पटविणे आणि जगापुढे मांडणे, ही कामे त्यांनीच केली; ती झाली नसती तर हक यांचे कपाट कलकत्त्याच्या एका खोलीत धूळ खात पडले असते. परंतु ज्या गणिताने हे सारे शक्य झाले ते मुख्यतः हक यांचे होते. साम्राज्याच्या उतरंडीत वरच्या पायरीवरील माणसाचे नाव कामाला लागावे आणि खालच्या पायरीवरील माणसाचे नाव गळावे, असा त्या काळाचा रिवाज होता. अन्याय कोणा एकाच्या दुष्टपणामुळेच होतो असे नाही. पुष्कळदा तो रिवाज म्हणून होतो आणि म्हणूनच तो कोणाला बोचत नाही.

बोस यांनी पुढे ठशांचे वर्णन तारेने कळविता येईल अशी संकेतावली तयार केली आणि एकेका बोटाच्या ठशाचे वर्गीकरण करण्याची रीत बसविली. गुन्ह्याच्या जागी दहा बोटांचे ठसे क्वचितच मिळतात. एखाद-दुसऱ्या बोटाचेच मिळतात. त्यामुळे हे कामही मोलाचे होते.

१९१२ मध्ये बंगालपासून बिहार आणि ओरिसा प्रांत वेगळा झाला, तेव्हा हक यांनी बिहारच्या पोलीस सेवेत जाणे पसंत केले. १९१३ मध्ये त्यांना खानसाहेब आणि १९२४ मध्ये खानबहादूर हा किताब मिळाला. परंतु किताब अनेकांना मिळत. आपल्या शोधाची नोंद व्हावी, ही त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी सरकारकडे रीतसर अर्ज केला. हा अर्ज करताना त्या मानी माणसाच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. ज्याने हजारो माणसांची खरी ओळख सिद्ध करण्याचे साधन दिले, त्याला स्वतःचीच ओळख सिद्ध करावी लागत होती. सरकारने चौकशी केली. १९२६ मध्ये निवृत्त हेन्री यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसला पत्र लिहून कबुली दिली की ही पद्धत परिपूर्ण करण्यात आपल्या साऱ्या सहकाऱ्यांत हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता. पंचवीस वर्षे उशिरा का होईना, ही कबुली देण्याचा मोठेपणा हेन्री यांनी दाखविला, हेही नोंदविले पाहिजे. सरकारने हक यांना पाच हजार रुपयांचे मानधन दिले. पद्धतीचे नाव मात्र तेच राहिले.

निवृत्तीनंतर हक बिहारमधील मोतिहारी येथे स्थायिक झाले. १९१७ मधील गांधीजींच्या चंपारण सत्याग्रहामुळे हे गाव आपल्या ओळखीचे आहे. तेथेच १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. फाळणीने त्यांची जन्मभूमी एका देशात गेली आणि चिरविश्रांतीची भूमी दुसऱ्या देशात राहिली. कोणा एका देशाने त्यांचे नाव आपले म्हणून पुढे करावे, अशी स्थितीही उरली नाही.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्याची काळी बाजूही विसरून चालणार नाही. ज्या राजवटीने ही पद्धत उचलून धरली, तिने १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. माणसाची अचूक ओळख हे अशा राजवटीच्या हातातील शस्त्रही झाले. परंतु त्याच शास्त्राची दुसरी बाजू अशी, की ते नावावर, जातीवर, चेहऱ्यावर किंवा कपड्यांवर विश्वास ठेवत नाही. पूर्वी सराईत गुन्हेगार म्हणून भलताच माणूस साक्षीदारांच्या नजरचुकीने तुरुंगात जाई. ठशाने त्याला सोडविता येऊ लागले. दोषी शोधणे आणि निर्दोष वाचविणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत, हे न्यायसहायक विज्ञानाचे मर्म.

आज १,०२४ खणांची कपाटे वापरात नाहीत. ते काम संगणक करतो. २०२२ मध्ये आपल्या देशात अंगुलिमुद्रांची ‘नॅफिस’ ही राष्ट्रीय स्वयंचलित प्रणाली सुरू झाली. तीत नोंदल्या जाणाऱ्या आरोपीला दहा अंकी क्रमांक मिळतो. दहा बोटांवरून आकडा काढावा आणि आकड्यावरून माणूस शोधावा, ही हक यांची मूळ कल्पना तीतही जिवंत आहे. ब्रिटनमधील अंगुलिमुद्रा तज्ज्ञांच्या संस्थेने हक आणि बोस यांच्या नावाने संशोधनासाठी पारितोषिक ठेवले आहे. ज्या देशात त्यांची नावे गळली, त्याच देशात ती पुन्हा लिहिली गेली.

दक्षिण मार्गावरील त्या प्रयोगशाळेत आज कोणी तरुण शास्त्रज्ञ एखाद्या पुसट ठशावर मान खाली घालून काम करीत असेल. त्याचे नाव निकालपत्राबाहेर कोणाला कळणार नाही. शाळा, कार्यालय, प्रयोगशाळा, सर्वत्र असे हात असतात. साठ वर्षांत आपली शाळा ज्यांनी उभी केली, त्यांतील सर्वांचीच नावे या स्मरणिकेत आली असतील असे नाही. ज्या शिक्षकाने फळ्यावर अपूर्णांक शिकविला, ज्या शिपायाने पहाटे वर्ग उघडले, त्यांचे ठसे मात्र आपल्या प्रत्येकाच्या घडणीत उमटलेले आहेत.

विद्यार्थ्यांनी हक यांच्या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. अंश, छेद आणि दोनाचे घात ही परीक्षेपुरती शिकण्याची वस्तू नाही; ती कळली तर जगाचा एखादा अडलेला प्रश्न सुटू शकतो. आणि दुसरी गोष्ट अशी, की कोणाच्याही कामाचा उपयोग करताना त्या कामाखाली त्याचे नाव लिहावे. ते लिहिण्यास एक ओळ लागते. न लिहिल्याची भरपाई करावयास शतकही पुरत नाही.